जमलीने पुढे केलेला पाय

नवरा जिवंत असलेल्या एका बाईच्या दंडावरचा चुडा मी सरकारी कामाच्या नावाखाली उतरवायला लावला. त्यातल्या तीन बांगड्या निघेनात. त्या माझ्या सांगण्यावरून दगडाने फोडल्या गेल्या. ही गोष्ट पातूरच्या डोंगरातल्या एका तांड्यावर घडली. मी ती आजवर घरी कोणाला सांगितलेली नाही, आणि कचेरीत तर मी तिच्याबद्दल खोटेच लिहून दिले होते.

या अंकाच्या संपादकांनी मला ‘देवी डॉक्टराच्या गमतीजमती’ लिहायला सांगितले आहे. गमती पुष्कळ आहेत, आणि एकदोन मी लिहिणारही आहे. पण ही गोष्ट दडवून त्या लिहिल्या, तर आजवर जे करीत आलो तेच पुन्हा केल्यासारखे होईल. म्हणून ती आधी सांगितली.

माझे वडील अकोल्यात भिक्षुकी करीत. मी मॅट्रिकला दोनदा आपटलो आणि मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या साथीच्या, सालानंतर देवी काढणाऱ्यांच्या, म्हणजे देवीच्या रोगाची लस टोचणाऱ्यांच्या, खात्यात लागलो. वडिलांनी आठ दिवस अबोला धरला. पुढे मात्र शेजाऱ्यांना सांगू लागले, “आमचे चिरंजीव देवीचेच काम करतात. फक्त पूजा निराळी आहे.”

या पूजेची सामग्री थोडकी असते. लस नागपूरहून टपालाने येते. काडीएवढ्या बारीक काचेच्या नळ्या, दोन्ही टोकांना बंद. आत वासराच्या अंगावर वाढवलेली लस. उन्हाने ती मरते, म्हणून आमचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि होळीच्या आगेमागे संपतो. नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून मडक्यात ठेवायच्या आणि मडके दमणीला, म्हणजे आमच्या हलक्या बैलगाडीला, सावलीच्या बाजूने टांगायचे. बैल थांबले की मी आधी मडक्याला हात लावून पाहतो, मग बैलांकडे पाहतो. नस्तर, म्हणजे खरवडायचे बारीक पाते, दिव्यावर भाजून निववायचे, दंडावर लसीचा थेंब ठेवायचा आणि चार ठिकाणी कातडी हलकेच खरवडायची. रक्त वाहू द्यायचे नाही, वाहिले तर लस धुऊन जाते. आठव्या दिवशी परत जायचे. मोत्यासारखा, मधे खळगा असलेला फोड दिसला की देवी उठली, म्हणजे ते मूल वाचले असे धरायचे. नाही दिसला तर पुन्हा खरवडायचे.

आठव्या दिवशी परत जाणे हीच या कामातली खरी परीक्षा. कोर्टाचा बेलीफ जप्ती करून जातो, त्याला त्या घरी पुन्हा तोंड दाखवावे लागत नाही. आम्हाला लागते. त्याच दारात, त्याच आईसमोर, ताप आलेल्या, दंड सुजलेल्या, किरकिरणाऱ्या त्याच मुलासमोर.

या कामात मला किती आयांनी आपली तान्ही मुले हातात दिली त्याची गणती नाही. कोण कुठला मी, हातात लोखंड, मडक्यात जनावराच्या अंगावरची लस. तरी त्यांनी पोर पुढे केले, दंड धरला, स्वतः तोंड फिरवून डोळे पुसले आणि मला पाणी विचारले. माझ्या हातून कोणाचे पोर वाचले असेल, तर त्यातला मोठा वाटा या पोर पुढे करण्याचा आहे. हे मला उशिरा कळले, आणि ज्यांनी कळवले त्यांचेच मी वाईट केले होते.

तांड्यावर जाण्याआधी दोन घरांत डोकावून जाऊ. त्यांच्यावाचून माझ्या चुकीचा आकार कळणार नाही.

पहिले घर अमरावतीच्या एका वकिलांचे. आदल्या संध्याकाळी त्यांनी सभेत देवी काढण्याच्या फायद्यांवर तासभर भाषण केले होते. मी पहिल्या बाकावर होतो. सकाळी मी त्यांच्या घरी गेलो, तर सात महिन्यांचा नातू आजोळी गेल्याचे कळले. मी वहीत तसे लिहू लागलो, तोच ज्वारीच्या कोठीमागून शिंक आली.

“उंदीर असेल,” वकीलसाहेब म्हणाले.

“उंदराला सर्दी झालेली दिसते,” मी म्हणालो.

ते जरा वेळ मिशी कुरवाळीत बसले. मग हळूच म्हणाले, “हे पाहा डॉक्टर, तत्त्वाला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण नातू एकच आहे.”

मी हसलो. चहा आला. मी त्यांच्याशी तासभर बोललो, घरात जाऊन सूनबाईंच्या शंका ऐकल्या, माझ्या स्वतःच्या मुलाचा दंड कसा बरा झाला ते सांगितले. त्या दिवशी जमले नाही. वहीत लिहिले, ‘पुन्हा जावे.’ तिसऱ्या खेपेस पोराला देवी काढल्या. वकीलसाहेबांना कोणी अडाणी म्हटले नाही. मलाही तो शब्द सुचला नाही. त्यांना नातवाची काळजी वाटत होती.

दुसरे घर तेल्हाऱ्याचे, मोठ्या शेतीवाडीचे. मुलगी तान्ही. आजी पुढे आली आणि म्हणाली, “डाक्टरसाहेब, पोरीची जात हाये. दंडावर डाग दिसंन, उद्या सोयरीक आली का लोक इचारतीन. मांडीवर काढा ना.”

आमचा नियम डाव्या दंडाचा. तपासनीस साहेब फिरतीवर आले की मुलांचे दंड पाहून वहीशी ताळा करतात. मांडी पाहायला ते कोणाच्या घरात जाणार? पण घर मोठे होते, आजी गोड बोलली होती, आणि मांडीवर काढल्याने लसीचा गुण काही कमी होत नाही हे मला ठाऊक होते. मी मांडीवर काढल्या. वर तीळगूळ खाऊन आलो. महिन्याभराने साहेबांनी माझ्या वहीत लाल शाईने शेरा मारला, ‘जागा चुकीची. समज देण्यात यावी.’

ती लाल शाई मला फार लागली. तेल्हाऱ्याच्या आजीला मी काही बोलू शकत नव्हतो. पुढचे जे घर लागेल तिथे नियम म्हणजे नियम, असे मी मनाशी ठरवले. पुढचे घर तांड्यावरचे निघाले.

तांडा म्हणजे बंजाऱ्यांची वस्ती. हे लोक पूर्वी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरत. आगगाडी आली, बैलांचे काम गेले, आणि ते डोंगराच्या कडेने स्थिरावले. गवत, लाकूड आणि हंगामात कापसाच्या गाड्या यांवर त्यांचे चाले. खालच्या गावातले लोक त्यांच्याकडून मोळ्या घेत आणि ते जाईपर्यंत दार लावून बसत. मीही त्याच गावांतून फिरणारा माणूस.

फाल्गुन लागला होता. डोंगराखालच्या गावात देवीची साथ आली, आणि आसपासच्या वस्त्यांत मोठ्या माणसांसकट सर्वांना टोचा, असे मला सांगण्यात आले. माझ्याबरोबर शिपाई गणपत होता. बाळापूरकडचा कुणबी, माझ्याहून वयाने थोडा मोठा, बोलायला तिखट.

तांड्याचा नायक म्हणजे पाटील, पंच आणि बाप या तिन्ही गोष्टी एकात. या तांड्याचे नायक सोमला, उंच, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी आमच्यासाठी लिंबाखाली बाज टाकली, दुधाचा तांब्या पुढे ठेवला आणि विचारले, “डाक्टर, खाली गावात माता आली मनते. खरं हाये काय?”

“खरं आहे. म्हणूनच आलो.”

“मंग बसा. पोट्टे आनतो.”

आणि त्यांनी खरोखर आणली. मला एकाही मुलामागे धावावे लागले नाही. आया रांगेने बसल्या, मुले रडली, आयांनी त्यांना आपल्या बोलीत चुचकारले. इतक्या सहज एवढी मुले मला तोवर कुठेच मिळाली नव्हती, अमरावतीच्या शिकल्यासवरल्या आळीतही नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे, कारण पुढे मी याच्या उलट लिहिले.

मुले झाल्यावर पुरुष आले. तेही झाले. मग बायका राहिल्या. त्यांत पहिली नायकांची सून जमली. वीस-बावीस वर्षांची असेल. तिच्या तान्ह्या मुलाला मी नुकत्याच देवी काढल्या होत्या आणि तो तिच्या मांडीवर हुंदके देत होता. तिचा नवरा हरचंद कापसाच्या गाड्या घेऊन अकोल्याला गेला होता. जमलीच्या हातांत मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्या होत्या, आणि कोपरापासून खांद्यापर्यंतही पांढऱ्या, रुंद, एकीला एक लागून. टोचायला बोटभर जागा नव्हती.

“दंडावरच्या काढ,” मी म्हणालो.

तिने मान हलवली. मग पोराला सासूकडे देऊन घागरा थोडा वर घेतला आणि पाय पुढे केला. पोटरी दाखवून म्हणाली, “इथं काढा.”

तो पाय मला आजही दिसतो. वाटेवरच्या धुळीने पांढरा झालेला, घोट्यात जाड वाळा. तिला देवी नको नव्हत्या. पाय पुढे करून तिने माझी अडचण सोडवली होती.

“पायावर नाही. दंडावर. नियम आहे.”

“चुडा उतरत नाई जी.”

“उतरत नाही म्हणजे काय? बांगड्याच ना? तेल लावा, उतरतील.”

सोमला नायक जवळ आले. म्हणाले, “डाक्टर, तिचा घरवाला वाटंवर हाये. तो आल्यावर पाहू.”

त्यांनी एवढे सांगितले होते. दुसऱ्या कोणी ‘का’ असे विचारले असते. मला डोळ्यांपुढे लाल शाई दिसत होती. मी म्हणालो, “नायक, सरकारी हुकूम आहे. एकही माणूस राहिला तर तहसीलदारांना कळवीन. तांड्यातलं कोणी बाजारात उतरणार नाही, होळी डोंगरातच करा.”

असा कुठलाही हुकूम नव्हता. मोठ्या माणसांना समजावून टोचा, एवढेच मला सांगितलेले होते.

नायक वळले. मग आपल्या बायकोला त्यांच्या बोलीत काही म्हणाले. तिने तेल आणले. एकेक बांगडी निघू लागली. खालच्या तीन घट्ट बसल्या होत्या. मी गणपतला म्हणालो, “फोड त्या.” गणपत हलला नाही. मी पुन्हा म्हणालो. मग त्या म्हातारीनेच दगड घेतला.

बायकांनी तोंडे फिरवली आणि सूर धरून रडू लागल्या. मी ते टोचण्याच्या भीतीचे रडणे समजलो. जमली रडली नाही. तिने उघडा दंड माझ्यापुढे धरला, मी चार ठिकाणी खरवडले आणि वहीत लिहिले, ‘डावा दंड.’ बाकीच्या बायकांना बोलावले तर लिंबाखाली कोणी नव्हते.

घाट उतरताना गणपत गप्प होता. अर्धी उतरण झाल्यावर मीच म्हणालो, “काय रे, जीभ हरवली काय?”

“मालक, दंडावरचा चुडा त्यायच्या बाया नवरा मेल्यावरच काढतेत.”

मी बैलांचा कासरा ओढला. “आधी काहून नाही सांगितलं?”

“तुमी इचारलं काय?” मग म्हणाला, “मी हललो नाई तवा तरी इचाराचं होतं.”

आम्ही तांड्यापासून तासभराच्या वाटेवर होतो. दमणी वळवता येत होती. पण मडक्यातली लस उन्हाने जाईल, पुढच्या गावी लोक वाट पाहत असतील, झाले ते झाले, अशी कारणे मी तिथे उभा राहून जमवली आणि कासरा सैल सोडला. बांगड्या फोडल्या तेव्हा मी अजाण होतो असे म्हणता येईल. घाटात मी अजाण नव्हतो.

आठव्या दिवशी फोड पाहायला परत गेलो. मी दिसताच बायकांनी मुले उचलली आणि त्या रानात शिरल्या. वाटेवर सोमला नायक काठी आडवी धरून उभे होते.

“हरचंद तीन दिवसामागं आला,” ते म्हणाले. “अंगभर माता हाये.”

माझ्या तोंडून तेव्हा जे निघाले ते लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. मी बोटांवर मोजून त्यांना समजावून सांगितले. देवी अंगात शिरल्यापासून ताप यायला बारा दिवस लागतात. मी येऊन आठच दिवस झाले. म्हणजे ती त्याला अकोल्याला किंवा वाटेतच लागली, मी तांड्यावर पाऊल टाकण्याच्या आधी. तेव्हा चुड्याचा याच्याशी काही संबंध नाही.

नायकांनी सगळे ऐकून घेतले. “असंल,” म्हणाले. “तुमी शिकलेले.” आणि काठी तशीच आडवी ठेवून उभे राहिले.

हरचंद होळीच्या आधी गेला.

माझे गणित बरोबर होते. आजही बरोबर आहे. कोणी वैद्यकातला माणूस हे वाचत असेल तर तोही मान डोलावील. आणि ते बरोबर होते म्हणूनच मला सहा वर्षे माफी मागता आली नाही. मनात ती गोष्ट आली की मी बोटांवर बारा मोजायचो आणि सुटायचो. पण प्रश्न हरचंद कशाने गेला हा नव्हताच. नवरा वाटेवर असताना एका बाईला मी तिच्या सगळ्या माणसांदेखत विधवा करून ठेवले होते, आणि वर तिच्या सासऱ्याला गणित शिकवले होते.

हंगामाच्या अखेरीस अहवाल द्यायचा होता. आठव्या दिवसाची तपासणी का झाली नाही, याचे कारण लिहायचे होते. मी लिहिले, ‘तांड्यातील लोक अडाणी असून धर्मभोळेपणामुळे देवी काढण्यास विरोध करतात.’ साहेबांनी त्याखाली काळ्या शाईत सही केली. पुढच्या वर्षी आसपासच्या तीन तांड्यांनी मला पाहताच रान जवळ केले, तेव्हा तेच वाक्य पुन्हा उतरवले. त्याच्या पुढच्या वर्षीही. हळूहळू ते वाक्य इतरांच्या तोंडी गेले. कचेरीत नवीन लागलेला माणूस मला म्हणाला, “बंजारे काही केल्या ऐकत नाहीत म्हणे. देवीला भितात.” मी मान डोलावली.

मधल्या काळात माझे वडील वारले. तेराव्याच्या आत आळीतल्या बायकांनी माझ्या आईच्या बांगड्या फोडल्या. मी ओसरीवर होतो. दगडाचा आवाज कानावर आला आणि मला कळले की हा आवाज मी आधी ऐकला आहे. भिक्षुकाच्या घरात वाढलेला मी. सौभाग्य म्हणजे काय हे मला कोणी शिकवायला नको होते. पण आमच्या घरातल्या बांगड्यांना अर्थ असतो आणि त्यांच्या बांगड्या नुसता साज, असे मी धरून चाललो होतो. त्या दिवसानंतर बोटे मोजून सुटता येईना.

सहाव्या वर्षी पातूरकडे पुन्हा साथ आली. त्या तांड्यांतली सहा वर्षांतली सगळी मुले कोरी होती. कोरी म्हणजे आमच्या बोलीत दंडावर व्रण नसलेली. ती कोरी राहिली ती माझ्यामुळे, आणि आता साथ त्यांच्या दाराशी होती. मी गणपतला दमणी जोडायला सांगितली.

“मडकं घेतलं,” गणपत म्हणाला. “वही कुठं हाये?”

“नाही घेतली.”

त्याने मडके दमणीला टांगले. घाटात तेवढे म्हणाला, “मालक, यंदा मी पुढं चालतो. मले पाहून निदान दगड तं नाई मारनार.”

दगड कोणी मारला नाही. सोमला नायक त्याच लिंबाखाली बसले होते, आता पार थकलेले. उठले नाहीत, बाज टाकली नाही. बायका खोपटांच्या दारांत उभ्या होत्या, मुले पाठीशी.

“काहून आले?”

“खाली साथ आहे, नायक. मुलं कोरी आहेत.”

“मालूम हाये,” ते म्हणाले. “तुमच्या कचेरीतला एक मानूस मांगं बाजारात भेटला. म्हने, तुमी लोक देवीले भेता म्हनून टोचून घेत नाई. म्या त्याले इचारलं, कोनं सांगितलं? तं म्हने, कागदावर लिवलं हाये.”

तो कागद माझाच होता.

“डाक्टर, तुमी पयल्या बारीनं आल्ते तवा पोट्टे कोनं आनून बसवले होते?”

“तुम्ही.”

“दूध कोनं देल्लं होतं?”

“तुम्ही.”

“मंग सुईले भेतो काय आमी? सुईले नाई भेत. तुमाले भेतो.”

इतक्या वर्षांत मी वाचलेल्या सगळ्या सरकारी पत्रकांत हे वाक्य कुठे नव्हते. कोणी लिहिणार तरी कसे? लिहिणारे आम्हीच होतो.

तेवढ्यात जमली पुढे आली. मी तिला ओळखले ते चेहऱ्यावरून नव्हे. तिच्या दंडावर आता काही नव्हते. जिथे चुडा असायचा त्या जागी माझे चार व्रण होते, वाटाण्याएवढे, खोलगट, ओळीने. इतके स्वच्छ उठलेले व्रण मी क्वचित पाहिले आहेत. तपासनीस साहेबांनी पाहिले असते तर शाबासकी दिली असती.

तिच्याबरोबर तिचा मुलगा होता. तिने त्याची बाही वर करून मला दंड दाखवला.

“पलीकडच्या तांड्यावर माझ्या भावाच्या घरी माता आली,” ती म्हणाली. “दोन लेकरं गेली त्याची. हा त्यायच्या संगं एका ताटात जेवत होता, संगं झोपत होता. याले काई झालं नाई. म्या त्या लेकरायच्या उशाशी बसली. मले बी काई झालं नाई. म्या इचार केला, आमी दोघंच काहून सुटलो?”

उत्तर तिला सापडलेले होते.

“सुई खरी हाये,” ती म्हणाली. “म्या महिनाभर सगळ्यायले हेच सांगून राहिली. पन बाया म्हनतेत, तो आला का चुडा मांगंन.”

“नाही मागणार.”

“मले काय सांगता? माझ्यापाशी हाये काय आता?” ती तीक्ष्ण बोलली, मग आवाज उतरला. “त्यायले सांगा.”

तिने माझे जे नुकसान करायचे ते केले असते तर मला समजले असते. तिने माझे काम केले होते, महिनाभर, मी जे सहा वर्षांत केले नाही ते. तिच्या दोन भाचरांच्या मृत्यूत माझाही वाटा होता, आणि ती मला दुसऱ्यांची मुले वाचवायला वाट करून देत होती. याबद्दल आभार कसे मानायचे हे मला अजून उमगलेले नाही. हा लेख म्हणजे तोच एक अपुरा प्रयत्न आहे.

पुढचे थोडे इथेच सांगून टाकतो, कारण शेवटी मला ते नको आहे. त्या फेरीनंतर मी कचेरीत अर्ज दिला. तांड्यांबद्दल मी लिहिलेले कारण खोटे आहे, खरे कारण माझे वागणे आहे, असे त्यात लिहिले. त्यावर ‘पाहिले’ एवढा शेरा आला. तेव्हापासून कुठल्याही दारात मी नस्तर काढण्याआधी विचारतो, ‘कुठे काढू?’ कोणी दंड देतो, कोणी पाय, कोणी म्हणतो उद्या या. उद्या जातो. वहीत लाल शेरे पुष्कळ साठले आहेत. ते मला आता लागत नाहीत. गणपत गेल्या वर्षी नोकरीतून सुटला. जाताना म्हणाला, “मालक, तुमाले इचारता येऊ लागलं, हे बरं झालं.” मला मिळालेले हे एकच प्रशस्तिपत्र.

तर लिंबाखाली. जमली एका दगडावर बसली. बायका दारांतून पाहत होत्या. तिने घागरा थोडा वर घेतला आणि पाय पुढे केला. तोच पाय. घोट्यात वाळा नव्हता.

“सहा वर्सं झाली,” ती म्हणाली. “माझ्या पुन्ना काढा. इथं. मंग बाया येतीन.”

तिला आणखी टोचून घेण्याची गरज असो वा नसो, तांड्याला ते पाहण्याची होती. गणपतने दिवा पेटवला. मी नस्तर भाजले. दंडावर काढताना आम्ही स्टुलावर बसतो, पुढचा माणूस आपल्या समोर किंवा खाली असतो. पोटरीवर काढायच्या तर जमिनीवर बसावे लागते, आणि समोरच्याचा गुडघा आपल्या डोळ्यांच्या वर येतो. मी मातीत बसलो. लसीचा थेंब तिच्या पोटरीवर ठेवला. नायक ऐकत होते, बायका ऐकत होत्या. मी नस्तर हातात तसेच धरून वर पाहिले आणि म्हणालो,

“जमलीबाई, त्या दिवशीही तुम्ही पाय पुढे केला होता. इथेच काढता आल्या असत्या. मला ते माहीत होते. हुकूम होता म्हणालो, तो नव्हता. घाटात गणपतने चुड्याचे सांगितले, तेव्हा परत फिरायचे होते, ते मी फिरलो नाही. कागदावर तुम्हाला भित्रे लिहिले, ते खोटे लिहिले. चूक माझी होती. मला माफ करा.”